रोहा ते पेण, गळक्या पंपासह

सैन्यात मी व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. पेणमधल्या शाळांत मला अधूनमधून बोलायला नेतात. "तुम्ही किती शत्रू मारले?" हा मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला. एकही नाही, असं सांगितलं की मुलांचे चेहरे उतरतात आणि पाठोपाठ शिक्षकांचेही. पण जे केलं नाही ते सांगून टाळ्या घ्यायची मला हौस नाही. माझी सगळी नोकरी बॉनेटखाली डोकं घालून झाली, आणि त्यातलंच काही सांगण्यासारखं आहे.

तेव्हा आमची पोस्टिंग उत्तरेला, सीमेजवळच्या एका डोंगरी रस्त्यावर होती. वर्कशॉपची एक छोटी डिटॅचमेंट, मोजकी माणसं, एक रिकव्हरी गाडी आणि एक वायरलेस सेट. आमच्या वरच्या अंगाला पोस्ट होत्या. त्यांना रेशन, रॉकेल आणि डाक घेऊन गाड्या जायच्या, आणि रस्त्यात मोडल्या की आम्ही जायचो. सकाळी मेंटेनन्स परेड, संध्याकाळी लास्ट परेड. लास्ट परेड म्हणजे दिवसभर पळालेल्या गाडीची झोपण्याआधीची तपासणी. तेल, पाणी, टायर, आणि गाडी पुढे घेऊन तिच्याखालची जमीन बघायची. जमिनीवर डाग दिसला तर तो कुठून पडला हे सापडेपर्यंत ड्रायव्हरला जेवण नाही. ही सवय मला अजून आहे. पाहुण्याच्या घरी गेलो तरी आधी त्याच्या गाडीखाली बघतो आणि मग रामराम करतो. बायकोला याची लाज वाटते.

त्या डिटॅचमेंटमध्ये नाईक मधुकर ड्रायव्हर होता. तो रोह्याचा, मी पेणचा. बाकी सगळे हरियाणा, बिहार, तामिळनाडूचे. आम्ही दोघंच 'व्हय' आणि 'नाय' बोलणारे, त्यामुळे आमचं जमलं. मी वयाने मोठा म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा. माणूस कामाला वाघ आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू.

सुट्टीवर गेला की तो दोन महिने एका जुन्या गाडीच्या मागे असायचा. रोह्यातल्या एका डॉक्टरांच्या परसात ती गाडी पडून होती. गोल दिवे, चार दारं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मधुकरने ती मागून घेतली आणि दर सुट्टीत तिचं एकेक अंग दुरुस्त केलं. तिला तो सुभेदारसाहेब म्हणायचा. का, विचारलं तर म्हणाला, "आपल्यापेक्षा वयानं मोठी, काम कमी करते आणि सलाम मात्र रोज लागतो." आमच्या सुभेदारसाहेबांनी हे ऐकलं आणि त्याला दोन दिवस लाकडं फोडायला लावली.

बर्फ वितळायला लागतं तेव्हा तो डोंगरी रस्ता सगळ्यात वाईट असतो. अशा एका सकाळी मधुकर डाक घेऊन वरच्या पोस्टवर होता. तिथले दोन जवान छातीत पाणी होऊन अत्यवस्थ झाले. त्यांना तातडीने खाली आणायचं होतं. ढग उतरले होते, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. गाडी एकच, मधुकरची पेट्रोलवरची जीप. सेटवर मी होतो.

"उस्ताद, फ्युएल पंप गळतोय. ओव्हर."

"कुठून? ओव्हर."

"खालच्या भोकातून. डायफ्रॅम गेला. ओव्हर."

इथे थोडं सांगायला हवं. जुन्या गाड्यांत इंजिनाच्या कुशीत एक पंप असतो. त्याच्या पोटात रबरी कापडाची एक गोल चकती असते, तोच डायफ्रॅम. इंजिन तिला खालीवर हलवतं, ती टाकीतून पेट्रोल ओढते आणि वर कार्बोरेटरला पोचवते. चकती फाटली की पेट्रोल पंपाच्या बुडाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं, गरम इंजिनाच्या शेजारी. एवढ्यावर गाडी पेटू शकते.

नवी चकती माझ्याकडे खाली होती आणि तो वर. मी काही सुचवायच्या आत तो म्हणाला की त्याच्या डोक्यात एक गोष्ट आहे, सेट उघडा ठेवा. कुकहाउसमधून त्याने दूध पावडरच्या प्लास्टिक पिशव्या आणल्या, त्यांच्या चकत्या कापल्या, एकावर एक ठेवल्या आणि फाटक्या डायफ्रॅमसोबत पंपात बसवल्या. जीप सुरू झाली. त्याने सेटवर मला रिपोर्ट दिला आणि निघाला.

अर्ध्या वाटेवर डोंगर खाली आला. दगड ड्रायव्हरच्या बाजूला आले. मागे दोन्ही आजारी जवान आणि नर्सिंग असिस्टंट होते, ते तिघेही वाचले. मधुकर जागेवर गेला. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. पंपाचा त्याच्या मरणाशी काही संबंध नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोक गोष्टी जोडतात. पंपाने त्याला दगा दिला नाही.

त्याची बायको रंजना. मी तिला वहिनी म्हणतो. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. वहिनी पुढे धाटावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागल्या, शिफ्टा केल्या, मुलाला शिकवलं. सुभेदारसाहेब, म्हणजे ती गाडी, दारातच राहिले. मधुकरने सुट्टीत वहिनींना गाडी शिकवली होती, ती त्या विसरल्या नाहीत. दर काही वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायला गाडी पेणच्या आरटीओत तपासणीला न्यावी लागते, तेव्हा मी जाऊन तिची डागडुजी करून देतो. इतक्या वर्षांत मधुकरच्या शेवटच्या दिवसाबद्दल वहिनींनी मला काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. मला ते जमलं नसतं.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला.

"भावजी, तपासणीची तारीख आलीय. पोरगा म्हणतोय स्क्रॅपला दे. माणूस बघून पण गेला."

"मग तुमचं काय?"

"यंदा तारीख चुकली तर अर्जच बाद होतोय म्हणं. मग गाडी रस्त्यावर काढता येणार नाय. मग स्क्रॅपच." पुढे म्हणाल्या, "फोटोला हात लावून काय मिळतंय वो? ही गेली तर त्यांचं म्हणून हात लावायला काय राहतंय?"

मी एसटीने रोह्याला गेलो. अंगणात शिरलो आणि आधी गाडीखाली बघितलं. डाग होता. बोट लावून वास घेतला, पेट्रोल. पंपाच्या बुडातूनच.

"आलात का? की जमिनीलाच भेटायला आलात?" वहिनी दारातून म्हणाल्या.

या गाडीला लागणारा डायफ्रॅम आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. पण माझ्या लोखंडी पेटीत होता. निवृत्तीच्या सुमारास जुन्या मालाच्या बाजारातून मी पंपाचे काही दुरुस्ती किट घेऊन ठेवले होते, मेणकागदात गुंडाळलेले, एकदम अस्सल. त्या किटांचा मला भारी अभिमान. नवीन माल म्हणजे कचरा, जुनं ते सोनं, हे मी गेली कित्येक वर्षं ऐकेल त्याला सांगत आलोय. पंप उतरवला, पेट्रोलने धुतला, नवी म्हणजे जुनीच चकती बसवली. मग लष्करी पद्धतीने पातेल्यात रॉकेल घेऊन पंपाची नळी त्यात सोडली आणि हाताच्या लिव्हरने चालवला. एक थेंब गळला नाही. वहिनींच्या घरी घावन खाल्ले आणि निर्धास्त झोपलो.

सकाळी निघालो. गाडी वहिनी चालवत होत्या. मी शेजारी बसून सूचना देत होतो.

"क्लच जरा..."

"भावजी, तुमी इंजिन ऐका. रस्ता मी बघतंय."

नागोठण्यापर्यंत सगळं ठीक होतं. हायवेला लागलो. कासू मागे टाकलं आणि मला वास आला. आधी वाटलं पुढच्या टँकरचा असेल. टँकर गेला, वास राहिला. तेवढ्यात इंजिन गचके खाऊ लागलं. गडबची दुकानं समोर दिसत होती.

"डावीकडे घ्या. इंजिन बंद. सगळे बाहेर."

"सगळे म्हंजे आपण दोघंच," वहिनी म्हणाल्या, पण चावी त्यांनी लगेच फिरवली होती.

गाडी उतारावर घरंगळत नेमकी एका चहाच्या टपरीसमोर थांबली. स्टोव्ह धडधडत होता. मी बॉनेट उघडलं. पंपाच्या भोकांतून पेट्रोल टपटप पडत होतं. बॅटरीची वायर काढली आणि टपरीवरच्या बाईंना ओरडून सांगितलं, "स्टोव्ह बंद करा!"

"काय म्हणून? गिऱ्हाईक बसलंय."

"गो मावशी, पेट्रोल सांडतंय," वहिनी म्हणाल्या. "तुझी टपरी आणि आमची गाडी दोन्ही जाईल."

बाईंनी स्टोव्ह विझवला. गिऱ्हाइकं, म्हणजे डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर जाणारे चौघं, उठली आणि गाडी ढकलून लांब नेली. चहा अर्धा राहिला म्हणून त्यातला एक माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच पेट्रोल शोधून काढलं.

पंप उतरवून उघडला. माझी अस्सल चकती बघून मला शरम वाटली. रबर कापडावरून दुधावरची साय सुटावी तसं सुटलं होतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात. ते जुन्या रबराला खातं, हे मी ऐकलं होतं. ऐकलं होतं, आणि तपासणी रॉकेलमध्ये केली होती, कारण आम्ही तशीच करायचो. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत त्याच भातातलं हवं ना. मी दुसऱ्याच हंडीतलं शीत दाबून बघितलं होतं.

"आता?" वहिनींनी विचारलं.

"आता गाडी ओढून न्यावी लागेल."

"ओढून नेलेली गाडी तपासणीला घेतील?"

"नाही. स्वतःच्या पायावर चालत यायला हवी."

"दुसरी तारीख?"

"नाही देणार. तुम्हीच सांगितलंत."

वहिनींनी पदराने गाडीच्या बॉनेटवरची धूळ पुसली, मग हेडलाइट पुसला, मग दुसरा हेडलाइट पुसला. स्क्रॅपला निघालेल्या गाडीचे दिवे कोण पुसतं? मला ते बघवेना.

उपाय मला माहीत होता. पंप उघडताक्षणीच आठवला होता. टपरीच्या मागे दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग पडलेला दिसत होता. पण माझे हात उठत नव्हते. ती युक्ती मी मधुकरनंतर कधी वापरली नाही. नोकरीत तशी वेळ दोनदा आली, दोन्ही वेळा मी गाडी ओढून नेली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. त्या पिशव्या म्हणजे माझ्यासाठी ती सकाळ होती. ती पुन्हा पंपात भरायची आणि त्याच्याच बायकोला स्टिअरिंगवर बसवायचं, हे मला भीतीदायक वाटत होतं. भीती वाटली असं सैनिकाने म्हणू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

शेवटी म्हणालो, "वहिनी, दुधाच्या पिशव्या आणा. जाड बघून. धुऊन, कोरड्या करून."

"दुधाच्या पिशव्या?"

"पंपात घालायच्या. मधुकरने केलं होतं. त्या दिवशी."

त्या टपरीकडे गेल्या. "मावशी, पिशव्या घेते गो." नळाखाली एकेक पिशवी उलटी करून धुतली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. टपरीवरच्या बाईंनी कात्री दिली आणि वर सांगितलं, "मेली कापायला धार नाय तिला." धार खरंच नव्हती.

जुनी चकती साचा म्हणून ठेवून मी पिशव्यांच्या गोल चकत्या कापल्या. कडेने स्क्रूंची भोकं पाडली. चकत्या एकावर एक ठेवल्या आणि दोन्ही बाजूंना जुन्या डायफ्रॅमचं उरलेलं कापड लावलं. स्क्रू आवळताना लिव्हर पूर्ण दाबून धरावी लागते, नाहीतर चकती ताणून बसते आणि पहिल्या झटक्यात फाटते. त्याला दुसरा माणूस लागतो.

"वहिनी, ही दाबा. मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

"नाय सोडत."

मी समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो. वहिनींच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं, पण लिव्हर हलली नाही. पंप बसवला. इंजिनातलं तेल बघितलं, त्यात पेट्रोल उतरलं नव्हतं, तेवढं नशीब. वायर लावली आणि गाडीतला अग्निशामक सिलिंडर हातात घेऊन उभा राहिलो. चावी वहिनींनी फिरवली. सुभेदारसाहेब तिसऱ्या हाकेला उठले.

मी पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. तसाच थांबलो, पुन्हा फिरवलं. कोरडं. चौघं कंत्राटी तोवर कंपनीची बस पकडून गेले होते, त्यामुळे माझी ही विजयाची घडी फक्त टपरीवरच्या बाईंनी बघितली. त्या म्हणाल्या, "झालं ना? मग आता गाडी काढा वाटेतून."

डोलवीपाशी ट्रेलरांची रांग होती. तिथे आणि मग वडखळला, असं दोनदा मी गाडी थांबवायला लावली, बॉनेट उघडून बघितलं. दोन्ही वेळा वहिनींनी विचारलं, "कोरडा हाय ना?" मी म्हणालो, "आहे." पेण दिसलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

आरटीओच्या मैदानात रांग होती. आमचा नंबर आला. इन्स्पेक्टर तरुण होते. त्यांनी हॉर्न, दिवे, ब्रेक बघितले. बॉनेट उघडायला लावलं आणि वाकून थेट पंपाखाली बोट लावलं. मला ते आवडलं. आमच्याकडे असते तर लवकर नाईक झाले असते.

"पंप ओरिजिनल?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ स्पष्ट होता. एक 'हो' म्हणा आणि घरी चला. पण मी आयुष्यभर लास्ट परेडला खोटा रिपोर्ट दिला नाही, आणि ज्याच्या गाडीचा हा रिपोर्ट होता त्यानेही दिला नव्हता.

"बाहेरून ओरिजिनल, साहेब. आत दुधाच्या पिशव्या आहेत."

"काय?"

मी सगळं सांगितलं. रोहा, रॉकेल, गडब, पिशव्या. गाडी कोणाची हे वहिनींनी सांगितलं, फक्त नाव आणि हुद्दा. इन्स्पेक्टर काही वेळ इंजिन चालू ठेवून शेजारी उभे राहिले. पंपाकडे बघत होते. एक थेंब पडला नाही.

"आज गळती नाही, तसं मी लिहितो," ते म्हणाले. "अर्ज चालू राहील. पण पास आत्ता करत नाही. आजच्या पेट्रोलला टिकेल असा नवा पंप बसवा आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा दाखवा. तोवर हायवेला आणू नका."

"पुन्हा दाखवायला तर हायवेनेच यावं लागेल, साहेब," मी म्हणालो.

"म्हणजे तोवर फिरवू नका हो, काका."

वहिनींनी हात जोडले. स्क्रॅपवाल्याचा नंबर त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, मोबाइलमधून काढून टाकला.

गाडी माझ्या घरी, पेणलाच ठेवायची ठरलं. पण आधी आम्ही मैदानाच्या कडेला झाडाखाली थांबलो. वहिनींनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. माझा पहिला घास तोंडात असताना त्यांनी विचारलं.

"भावजी, त्या दिवशी निघताना ते तुमच्याशीच बोलले व्हते ना? त्या मशीनवर?"

"व्हय."

"काय म्हणाले?"

मी घास गिळला. इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. चौकशीत वेळ आणि ठिकाण विचारलं होतं. शाळेतली मुलं शत्रू विचारतात. मला वाटायचं, विचारलं तर काय सांगू? त्यात देश नव्हता, घर नव्हतं, बायकोचं नाव नव्हतं. मोठं असं काहीच नव्हतं, आणि त्याचंच मला वाईट वाटत आलं होतं.

"म्हणाला, 'उस्ताद, पंप सुका हाय. एक थेंब गळत नाय. येऊन बघाल तेव्हा बघतच राहाल.' मी म्हटलं, सावकाश ये. तो म्हणाला, 'आलोच.'"

वहिनींनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. मी खाली बघत होतो.

"हसत व्हते?"

"व्हय. सगळ्या सेटवर ऐकू जात होतं. साहेब ओरडले, सेटवर हसू नका म्हणून."

त्यांचे डोळे भरले आणि त्या हसल्या, दोन्ही एकदम. "म्हंजे खुशीत व्हते," त्या म्हणाल्या. "मी एवढी वर्सं म्हणतंय, घाबरले असतील, पुढं एकटे व्हते म्हणून. तुमी आधी का नाय सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"भीती वाटायची वो."

"मलाही."

मग त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली, आणि तो कसा हसला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.